तेराव्या दिवसाचा जबाब

तेराव्याची खीर अकरा वाजताच झाली होती, पण पानं घ्यायचं कुणी नाव काढेना. घरात माणसं सहाच, आणि कोण कुठं बसलंय ते शांताबाईंना स्वयंपाकघरातून न बघता कळत होतं. यादवराव आपल्या खोलीत, दार लोटून. थोरला अभय जेवणाच्या टेबलाशी, पुढ्यात लॅपटॉप. शेजारी त्याची बायको जान्हवी. नात श्रिया बापाच्या खुर्चीत पाय वर घेऊन. आणि श्रियाची आई सविता इथंच ओट्याशी, पुसलेलीच भांडी पुन्हा पुसत.

सहा. धाकटा प्रताप असता तर सात.

बाथरूमचं दार बंद होतं. पोलिसांनी हीटर उतरवून नेला त्याला बारा दिवस झाले. भिंतीवर चार भोकं राहिली होती. त्या दिवसापासून तिथं कुणी आंघोळ केली नव्हती. मागच्या छोट्या मोरीत बादली नेऊन सगळे गार पाण्यानं उरकत होते.

"सविता, जरा बाहेर येतेस? आई, तूही ये," अभयनं हाक मारली.

दोघी पदराला, टॉवेलला हात पुसत आल्या.

"तीनला ती ऑफिसर येतेय. कॉरोनरच्या मृत्यू-चौकशीसाठी जबाब घ्यायला. तिला एकच गोष्ट हवीये. दाराजवळच्या बॉक्समधला ब्रेकर बायपास कुणी केला. पहिल्या दिवशी आपण कुणी बोलण्याच्या अवस्थेत नव्हतो, तिनं समजून घेतलं. आज घेणार नाही."

"मग सांगायचं," सविता म्हणाली. "बाबांनी केला."

अभयनं लॅपटॉप मिटला. पाया लेबार भागातल्या एका बँकेत त्याची वीस वर्षं लोकांच्या कागदांतल्या चुका शोधण्यात गेलेली. त्याचा आवाज घरातही चढत नसे. "बाबा एकोणऐंशीचे आहेत. लायसन्स नसताना त्या बॉक्सला हात लावणं इथं गुन्हा आहे. त्यात माणूस गेलाय. त्यांना कोर्टात उभं करायचं?"

"मग काय सांगायचं म्हणता, भाऊजी?"

जान्हवीनं मान खाली घातली. त्यावरून शांताबाईंनी ओळखलं, हे दोघांचं घरून निघतानाच बोलून झालंय.

"प्रतापनं स्वतः केला, असं सांगू. तो इंजिनियर होता, कुणाला नवल वाटणार नाही. आणि त्याला आता कोण काय करणार आहे?"

"काका, सीरियसली?" श्रिया खुर्चीतून म्हणाली. तिच्याकडे कुणी पाहिलं नाही.

सविता शांतपणे म्हणाली, "म्हणजे माझ्या नवऱ्यानं मूर्खपणा केला आणि त्यातच मेला, असं सरकारी कागदावर लिहून ठेवायचं. आणि हिनं तेच वाचत मोठं व्हायचं."

"कागद कोण वाचतंय, सविता?"

"ही वाचेल. सोळा वर्षांची आहे ती. आज नाही तर दहा वर्षांनी वाचेल."

शांताबाईंनी खुर्चीचा आधार घेतला. त्यांना मधे पडायचं नव्हतं, पण तोंडातून गेलंच. "गेलेला तर परत येत नाही, सविता. आता जो आहे त्याला तरी..."

सवितानं त्यांच्याकडे पाहिलं. "आई, तुम्हीसुद्धा?"

एवढंच म्हणून ती आतल्या खोलीत निघून गेली.

बुओना व्हिस्टाच्या या फ्लॅटमध्ये शांताबाई ब्याऐंशी साली देश सोडून आल्या, तेव्हा अभय सहा वर्षांचा होता आणि प्रताप पोटात. अकरावा मजला पाहून त्यांना भोवळ आली होती. यादवराव शिपयार्डमध्ये इलेक्ट्रिकल फोरमन. दाराजवळच्या लाकडी फळीवर तेव्हा चिनीमातीचे पांढरे फ्यूज असत. फ्यूज उडाला की यादवराव स्टुलावर चढून, मेणबत्तीच्या उजेडात, बारीक तार ओढून बसवत. पुढं पुढं अख्ख्या मजल्याचे फ्यूज तेच बांधू लागले. शेजारच्या रोकिया मकचिक, म्हणजे मलाय मावशी, कोपऱ्यातलं लिम कुटुंब, सगळी "मिस्टर यादव" म्हणून हाक मारत. पैसे कुणी देत नसे; मकचिककडून केळीच्या पानात गुंडाळलेला भात यायचा, तो शांताबाईंना आधी उग्र लागला आणि मग त्याच्यावाचून चैन पडेना. त्या मजल्यावर यादवरावांच्या हाताला मान होता. शांताबाईंनाही त्यातला थोडा मिळत होता.

चाळीसच्या वर वर्षं घर असंच चाललं. मग जुन्या घरांनाही विजेची गळती पकडणारा ब्रेकर बसवलाच पाहिजे असा नियम आला, आणि जूनमध्ये मिस्टर को नावाचा इलेक्ट्रिशियन येऊन तो बसवून गेला. गणपतीत त्या ब्रेकरनं घात केला. निदान त्यांना तेव्हा तसं वाटलं. पहिल्या संध्याकाळी वीसएक माणसं घरात, आरती अर्ध्यावर, आणि खटकन सगळं घर काळोखात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पाहुणे मोबाइलचे दिवे धरून आरती म्हणत राहिले. कुणीतरी हसलंसुद्धा.

"गणपतीपुढं अंधार झालेला मला चालायचा नाही," शांताबाई त्या दिवशी नवऱ्याला म्हणाल्या होत्या. "काय ते करा."

हे वाक्य गेले बारा दिवस त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

सविता पलंगाच्या कडेवर बसली होती. ती नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात फार्मसिस्ट होती. वीज लागलेल्या माणसाचं काय होतं हे तिला शिकवलेलं होतं. त्या सकाळी बाथरूमचं दार ढकलल्यावर तिनं धावत जाऊन आधी मेन स्विच बंद केला, मग प्रतापला ओल्या फरशीवरून बाहेर ओढलं, आणि अकरा मिनिटं त्याची छाती दाबत राहिली. आपण काही चुकलो नाही हे तिला ठाऊक होतं. ठाऊक असण्यानं काही होत नव्हतं.

जान्हवी आत आली आणि तिच्याशेजारी बसली.

"रागावलीस?"

"वहिनी, तुम्हाला खरंच ते बरोबर वाटतं?"

"मला फक्त एवढं वाटतं की अजून एक माणूस जाऊ नये. बाबांनी तेरा दिवसांत नीट खाल्लेलं नाही. त्यांना ऑफिसरसमोर बसवलं तर..."

"प्रताप त्या ब्रेकरबद्दल आईंना काय म्हणाला होता, माहितीये? आई लग्नाआधी साताऱ्याला बालवाडीत होत्या ना. तर हा म्हणाला, आई, तू सहलीला पन्नास पोरं नेलीस आणि परतताना एकोणपन्नास भरली, तर बस सोडशील का? हा ब्रेकर तेवढंच बघतो. घरात गेलेला करंट आणि परत आलेला करंट सारखा हवा. थोडा जरी कमी आला, तर तो कुठंतरी गळतोय, भिंतीत नाहीतर माणसात. मग हा बस सोडत नाही. सगळं बंद करतो."

जान्हवीला हसू आलं आणि लगेच डोळे भरले. "असंच बोलायचा तो."

"म्हणजे आपल्या घरात गळती होतीच. हीटरचं कॉइल आतून फुटलेलं होतं. गणपतीत पाहुण्यांसाठी हीटर दिवसभर चालू, म्हणून ब्रेकर उडायचा. तोवर अर्थिंगची तार शाबूत होती, गळलेला करंट तिच्यातून जमिनीत जात होता, म्हणून कुणाला काही झालं नाही. पुढं ती तार गंजून सुटली. आणि ब्रेकर तर आम्हीच बाजूला काढून ठेवलेला." सवितानं उशीखालून प्रतापचा फोन काढला. "हे बघा."

'मोहिते परिवार' हा घरचा ग्रुप होता. सप्टेंबरात प्रतापचा मेसेज: विसर्जन झालं, बाबा, आता ब्रेकर जोडून घेऊया. मग ऑक्टोबरात: मी मिस्टर कोंना फोन करू का? आणि पुन्हा, आठ दिवसांनी: हे असं ठेवणं धोक्याचं आहे. त्याखाली अभयचं उत्तर होतं.

दिवाळीपर्यंत राहू दे. बाबा चिडतात. ग्रुपवर विषय काढू नकोस.

जान्हवीनं ते दोनदा वाचलं. ग्रुपमध्ये तीही होती. त्या दिवशी तिनंही ते वाचलं असणार आणि पुढचं काहीतरी बघितलं असणार. तिला आठवत नव्हतं.

"सविता," ती फोन परत देत म्हणाली, "अभय वाचवतोय ते फक्त बाबांना नाही."

"मला माहितीये, वहिनी. तुम्ही म्हणायची वाट बघत होते."

यादवरावांच्या खोलीत शांताबाई खिरीची वाटी घेऊन गेल्या. ते खिडकीकडं तोंड करून बसले होते. खाली एमआरटीची मेट्रो पुलावरून पश्चिमेकडं गेली. त्यांनी वाटीकडं पाहिलं, हात पुढं केला नाही. शांताबाईंनी चमचा भरून त्यांच्या तोंडाशी नेला. दार लोटलेलं होतं, म्हणून त्यांनी खाल्लं.

हे गेल्या वर्षापासूनचं. यादवरावांचे हात आधी नुसते थरथरत, मग कपही धरवेना. शांताबाई त्यांच्या शर्टाची बटणं लावत, दाढी करत, आणि चारचौघांत जेवायची वेळ आली की ते पोटाचं निमित्त सांगून उठत. दोघांनी हे मुलांना कळू दिलं नव्हतं. डॉक्टरकडं गेले नव्हते. ज्या माणसाच्या हातांवर अख्ख्या मजल्यानं विश्वास टाकला, त्याचे हात गेले हे जगाला का सांगायचं, असं शांताबाईंनाही वाटलं होतं.

गणपतीच्या तिसऱ्या दिवशी यादवरावांनी आधी मिस्टर कोंना फोन केला. "अंकल, ब्रेकर इज ओके लाह," तो इथल्या बोलीतल्या इंग्रजीत म्हणाला. "युअर हाऊस नॉट ओके. डोन्ट टच, आय कम फ्रायडे." कालचा पोरगा मला शिकवतो, म्हणत ते स्टुलावर चढले. दोन तारा ब्रेकरमधून काढून पुढं थेट जोडायच्या, पाच मिनिटांचं काम. त्यांना पाऊण तास लागला. डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरत त्यांनी ते केलं. शांताबाईंनी स्टूल धरला होता. प्रताप ऑफिसमधून आला तेव्हा दिवे लागलेले होते आणि सगळे खुश होते. शुक्रवारी येणाऱ्या मिस्टर कोंना यादवरावांनी फोन करून नको म्हणून सांगितलं.

विसर्जनानंतर ते पुन्हा स्टुलावर चढू शकले नाहीत. आणि दुसऱ्या कुणाला चढू द्यायचं, तर का ते सांगावं लागलं असतं.

"अभय म्हणतो तसं करायचं का?" शांताबाईंनी विचारलं.

"त्याचं बरोबर असेल."

"तुम्हाला तुरुंगाची भीती वाटते?"

"छे गं. या वयात मला कुठं ठेवून घेणार ते?" ते खिडकीतूनच बोलत होते. "श्रिया बघेल ना माझ्याकडं. कळल्यावर. त्याची वाटते."

शांताबाईंनी पुढचा चमचा भरला आणि तसाच वाटीत ठेवला.

"तिला कळलेलंच आहे, अहो. तिला फक्त तुम्ही काय करता ते बघायचंय."

बरोबर तीनला बेल वाजली. ऑफिसर तरुण होती, साध्या शर्ट-पँटमध्ये. तिनं दारात बूट काढले, प्रतापच्या फोटोसमोर क्षणभर उभी राहिली आणि मग टेबलाशी बसली. बोलणं इंग्रजीत चाललं. तिनं आधीच सांगितलं, आपल्याला कुणाला दोष द्यायचा नाही, काय घडलं ते समजून घ्यायचंय. पण जे सांगाल ते खरं असलं पाहिजे.

"ब्रेकर कुणी बायपास केला, हे तुम्हाला माहीत आहे का?" तिनं अभयला विचारलं.

"मी इथं राहत नाही," अभय म्हणाला. "पण माझा भाऊ इंजिनियर होता. घरातली अशी कामं तो..."

"अभय," जान्हवी मराठीत म्हणाली, "ग्रुपवरचे मेसेज आहेत."

अभय थांबला. त्याचे कान लाल झाले. कॉलेजात पकडला जायचा तेव्हाही त्याचे कानच आधी लाल व्हायचे, शांताबाईंना आठवलं.

ऑफिसर यादवरावांकडं वळली. ते हात मांडीवर, टेबलाखाली ठेवून बसले होते. "सर, तुम्हाला माहीत आहे?"

यादवरावांनी श्रियाकडं पाहिलं. ती समोरच होती, आईच्या खुर्चीला टेकून उभी. त्यांनी नजर काढून घेतली.

"माय सन," ते म्हणाले. "प्रताप."

पेन कागदावर चालू लागलं. सवितानं डोळे मिटले.

बावन्न वर्षांच्या संसारात शांताबाईंनी परक्या माणसासमोर नवऱ्याचं वाक्य कधी खोडलं नव्हतं. माहेरची माणसं समोर असताना नाही, शिपयार्डचे साहेब जेवायला आले तेव्हाही नाही.

"नो," त्या म्हणाल्या. पेन थांबलं. त्यांचं इंग्रजी बाजारापुरतं होतं. ते तिथंच संपलं. मग त्या मराठीतच बोलल्या. "प्रतापनं नाही केलं. यांनी केलं. मी करायला लावलं."

"माझी आई खूप दुःखात आहे," अभय घाईनं इंग्रजीत म्हणाला. "तिला विश्रांतीची..."

"शी सेड," श्रिया म्हणाली, "माय फादर डिडन्ट डू इट. माय ग्रँडफादर डिड. शी आस्क्ड हिम टू."

ऑफिसरनं मुलीकडं पाहिलं, मग सविताकडं. "तिनं भाषांतर करावं, याला तुमची हरकत नाही ना?"

"नाही," सविता म्हणाली. "तिला करू दे."

शांताबाई सांगत गेल्या आणि श्रिया एकेक वाक्य इंग्रजीत ठेवत गेली, शाळेत धडा वाचावा तशी, सपाट आवाजात. गणपती. अंधार. मिस्टर कोंचा फोन. स्टूल. एकदा ती अडली. "आजी, 'मनगट' म्हणजे?" शांताबाईंनी स्वतःचं मनगट धरून दाखवलं. "रिस्ट," श्रिया म्हणाली. "ही हेल्ड हिज रिस्ट, बिकॉज हिज हँड्स शेक. दॅट्स व्हाय ही कुडन्ट पुट इट बॅक. नोबडी न्यू. ओन्ली शी न्यू."

"काय?" अभय म्हणाला. "बाबा, हात?"

यादवरावांनी दोन्ही हात वर घेऊन टेबलावर ठेवले. काचेच्या टेबलावर त्यांच्या अंगठीचा बारीक आवाज होत राहिला. अभय त्या हातांकडं बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर आता काही ठरवलेलं उरलं नव्हतं.

"आणि प्रताप सारखा सांगत होता, जोडून घेऊ," शांताबाई म्हणाल्या. "हेही लिहा म्हणावं. तीनदा सांगत होता. आम्ही कुणी ऐकलं नाही."

श्रियानं तेही सांगितलं. 'आम्ही' म्हणताना तिनं 'वी' म्हटलं, 'दे' म्हटलं नाही.

ऑफिसरनं जबाब वाचून दाखवला. यादवरावांनी मान हलवली. सही करता येईना, तेव्हा तिनं बॅगेतून शाईची पेटी काढून त्यांचा अंगठा घेतला. पुढं काय होईल ते आपण सांगू शकत नाही, अहवाल वर जाईल, कदाचित पुन्हा बोलावतील, असं ती म्हणाली. अभय तिला लिफ्टपर्यंत पोचवायला गेला आणि बराच वेळ परत आला नाही.

जान्हवीनं पानं मांडली. सवितानं सहा वाट्यांत खीर वाढली, सासऱ्यांच्या वाटीत चमचा ठेवला नाही. मग पुन्हा आत जाऊन ती चमचा घेऊन आली, वाटीत ठेवला, आणि भरवायचं शांताबाईंवर सोडून लांबच्या टोकाला जाऊन बसली.

श्रिया मात्र आजोबांसमोरच बसली होती.

"आजोबा," तिनं मराठीत विचारलं, "ब्रेकर असता, तर किती वेळ लागला असता? बंद व्हायला?"

"श्रिया, पुरे," जान्हवी म्हणाली.

"मला फिजिक्ससाठी नकोय, काकू. मला माहिती पाहिजे."

यादवराव नातीकडं पाहत राहिले. या वेळी त्यांनी नजर काढून घेतली नाही.

"सेकंदाचा दहावा हिस्सा," ते म्हणाले. "त्याहूनही कमी."

"तेवढ्यात काय होतं?"

"चटका बसतो. माणूस ओरडतो. हात झटकतो."

"मग?"

"मग घरभर लाइट जातात." त्यांना बोलायला वेळ लागत होता. "तो टॉवेल गुंडाळून बाहेर आला असता. आणि मी खोलीतून ओरडलो असतो त्याच्यावर, की पुन्हा लाइट घालवलेस म्हणून."